गरम झालं की बंद पडतं: पंपाच्या जुन्या इंजिनाचा नेहमीचा रोग

थंड असताना एका दोरीत सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटं छान चालतं. मग आवाज जरा बसतो, दोन ठसके लागतात आणि बंद. त्यानंतर दोरी ओढून खांदा निखळला तरी दाद देत नाही. चहा घेऊन या, अर्धा तास सावलीत बसा, परत एका दोरीत सुरू. आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत तेच.

पाण्याच्या पंपावरून काढलेलं जुनं पेट्रोल-घासलेटचं इंजिन ज्याने ज्याने रसवंतीला, कडबा कुट्टीला किंवा फवारणीच्या पंपाला जुंपलंय, त्याला हे पाठ असेल. माझा हा धंदा नाही, नाद आहे. पण इंदूरच्या राजेंद्रनगरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोक जी इंजिनं आणून टाकतात, त्यांतली बहुतेक याच तक्रारीची असतात. आणि बहुतेकांच्या मालकांनी त्याआधीच पिस्टन-रिंगांवर पैसे घातलेले असतात. रिंगा हा या रोगातला शेवटचा संशयित. धरला मात्र जातो सगळ्यात आधी.

अडचण अशी, की रोग गरम इंजिनात दिसतो आणि मिस्त्रीकडे इंजिन पोचतं ते गार होऊन. सांवेरहून टेम्पोत घालून आणेपर्यंत तास उलटलेला असतो. मिस्त्री दोरी ओढतो, सुरू होतं. "साहब, मेरे यहाँ तो एक रस्सी में चालू हो गया." मग तो प्लग बदलतो, कार्बोरेटर धुतो, पैसे घेतो. त्याचं तरी काय चुकलं? आजारी इंजिन त्याने पाहिलेलंच नसतं. म्हणून माझं म्हणणं एकच: बंद पडल्यावरची पहिली दोन मिनिटं वाया घालवू नका. काय तपासायचं ते आधीच हाताशी मांडून ठेवा, इंजिन मुद्दाम गरम करा, बंद पडू द्या आणि तिथल्या तिथे पकडा.

कोणत्या इंजिनांबद्दल बोलतोय तेही सांगतो. माळव्यात शेताच्या कडेला, नाल्यावर, विहिरीच्या काठावर जी हवेने थंड होणारी छोटी इंजिनं चालत, ती. एक घराणं विलियर्सचं. ही मूळची इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनची कंपनी; तिच्या नमुन्याची साइड व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या बाजूला झडपा असलेली) इंजिनं आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनत राहिली. दुसरं घराणं जपानी वळणाचं; १९८५ मध्ये स्थापन झालेल्या श्रीराम होंडाचे घासलेटवर चालणारे पंप त्यातलेच. पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की तोटी फिरवून घासलेटवर घ्यायचं, हा दोघांचा सारखाच संसार. घासलेट लवकर ठोकतं, म्हणजे दाबाने आपोआप पेटून ठोके देतं, म्हणून यांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबण्याचं प्रमाण) कमी ठेवलेलं असतं, चार-साडेचारास एकच्या आसपास. त्यामुळे ती बिचारी सोसतात फार, पण ताकद बेताची. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद कमी धरली, तर कारखान्याच्या पट्टीवर लिहिलेल्या तीन हॉर्सपॉवरमधून थोडी तिथेच वजा होते.

शेतात वीज पोचली, पाणबुडी मोटारी आल्या आणि ही इंजिनं गोठ्यात गेली. शोधायची तर भंगारात जाण्याआधी शोधा. सांवेर, देपालपूर, हातोद, महूकडच्या वस्त्यांवर ओळखीपाळखीत विचारलं की कोणाच्या ना कोणाच्या गोठ्यात पोत्याखाली एक निघतंच. लोहामंडीत, म्हणजे लोखंडाच्या बाजारात, पोचल्यावर उशीर झालेला असतो, कारण अ‍ॅल्युमिनियमला लोखंडापेक्षा भाव जास्त; भंगारवाला आधी तेच सोडवतो. आणि एक गोष्ट तो हमखास फेकून देतो: फ्लायव्हीलवरचा (इंजिनाच्या जड फिरत्या चाकावरचा) आणि सिलिंडरभोवतीचा पत्रा. पातळ, गंजका, वजनाला काही नाही. त्या पत्र्याबद्दल पुढे बोलू, पण विकत घेताना त्याच्यासाठी हट्ट धरा. पत्रा नसलेलं इंजिन फुकट मिळालं तरी मी दोनदा विचार करतो.

आता दोन मिनिटांचं काम. जवळ हवं ते एवढंच: प्लगचा पाना, एक जुना प्लग, छोटी काचेची बाटली आणि जाड हातमोजे. जुन्या प्लगचा बाहेरचा वाकडा दात करवतीने कापून टाका. मधल्या टोकापासून कडेपर्यंत जी मोठी फट राहते, ती उडी मारायला ठिणगीत दम लागतो. हे का करायचं? साधा प्लग उघड्या हवेत बाहेर काढून पाहिला तर मरतुकडी ठिणगीही दिसते आणि आपण "स्पार्क आहे" म्हणून मोकळे होतो. सिलिंडरात हवा दाबलेली असते, तिथे तीच ठिणगी उडत नाही.

इंजिन बंद पडलं. पहिलं काम, टाकीचं झाकण हळूच उघडा आणि कान द्या. "सुस्स" असा आवाज आला, हवा आत खेचली गेली, आणि त्यानंतर दोरी ओढताच सुरू झालं, तर रोग सापडला. पुढचं काही वाचू नका. दुसरं, दोरी सावकाश ओढा. हाताला नेहमीसारखा अडथळा लागतो का, की सैल, भकाभक फिरतं? सैल असेल तर ठिणगी आणि इंधन सोडून थेट व्हॉल्व्हकडे जा. तिसरं, कापलेला प्लग वायरीला लावून इंजिनाच्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा. मूळ प्लग जागेवरच घट्ट असू द्या. भोक उघडं ठेवून, सांडलेल्या पेट्रोलशेजारी ठिणगी पाडणं म्हणजे भुवया जाळून घेण्याचा धंदा. ठिणगी निळी, कडकडीत असेल तर दोष इंधनात. पिवळी, बारीक किंवा नाहीच, तर मॅग्नेटोत, म्हणजे फ्लायव्हीलच्या चुंबकावर ठिणगी तयार करणाऱ्या भागात.

एवढं लिहून ठेवलं आणि मिस्त्रीला सांगितलं, की "गरम असताना कॉम्प्रेशन आहे, ठिणगी नाही", तर तोही वेगळ्या नजरेने बघतो.

ठिणगी गायब

माझ्याकडे आलेल्यांत सगळ्यात जास्त हाच प्रकार. आणि त्यातही आधी कंडेन्सर, मग कॉइल.

या इंजिनांत पॉइंट (ठिणगीच्या वेळी वीज तोडणारी उघडझाप), कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा) आणि कॉइल (विजेचा दाब वाढवणारी गुंडाळी) ही त्रयी फ्लायव्हीलच्या पोटात किंवा काठाशी असते. चालू असताना पंख्याची हवा तिथून वाहते. इंजिन थांबलं की हवा थांबते, पण सिलिंडरची उष्णता कुठे जाणार? ती धातूतून पसरत याच भागात येते. म्हणजे बंद पडल्यानंतरची पाच-दहा मिनिटं कॉइलसाठी चालण्यापेक्षा वाईट. चालताना कसंबसं तगलेलं इंजिन एकदा थांबलं की मग अर्धा तास का सुरू होत नाही, त्याचं उत्तर हे.

जुन्या कंडेन्सरमधला कागद वर्षानुवर्षं ओल धरतो. गार असताना मीटरवर तो अगदी बरोबर दाखवतो, ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडच्या दरम्यान. म्हणूनच त्याची गार परीक्षा निरुपयोगी. केस वाळवायच्या यंत्राने त्याला हात लावता येणार नाही इतका तापवा आणि मग मोजा. आकडा पडला किंवा नाचायला लागला तर फेका. मीटर नसेल तर अंधारात पॉइंट पाहा: उघडताना तिथेच जाड निळसर ठिणग्या पडत असतील, पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ आलं असेल, तर कंडेन्सर गेलाय.

बदली कंडेन्सर मूळ नमुन्याचाच हवा असं नाही. जुन्या स्कूटरचा चालतो, फक्त मूल्य त्या दरम्यानचं हवं. आणि तो परत फ्लायव्हीलखाली कोंबू नका. चांगली वायर जोडून बाहेर, पत्र्याखालच्या थंड जागी, गंज-रंग खरवडलेल्या धातूवर स्क्रूने घट्ट बसवा. जुन्या मोटारसायकली वापरणाऱ्यांची ही युक्ती आहे आणि ती इथेही बिनतक्रार चालते. अर्थिंग कच्चं राहिलं तर मात्र नवा कंडेन्सरही जुन्यासारखाच वागेल.

कंडेन्सर बदलूनही तेच, तर कॉइल. आतली केसासारखी बारीक तार कुठेतरी तुटलेली असते. गार असताना टोकं टेकतात, तापली की दूर होतात. या बारीक तारेच्या दुय्यम गुंडाळीचा रोध काही हजार ओहम दाखवतो. तापवल्यावर तो एकदम अनंतावर गेला की संपलं. कॉइल पुन्हा बसवताना फ्लायव्हीलच्या चुंबकापासून तिचं अंतर ०.३ ते ०.५ मिमी. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून स्क्रू आवळले की काम होतं. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४, प्लगची ०.६ च्या आसपास. आपल्या नमुन्याच्या पुस्तकात वेगळं दिलं असेल तर पुस्तकाचं ऐका.

हे सगळं उघडण्याआधी एक फुकटची तपासणी. इंजिन बंद करायच्या बटणाची वायर कॉइलपासून सोडून ठेवा आणि चालवून बघा. तिचं वेष्टण कुठेतरी झिजून धातूला टेकत असतं. नंतरच्या काही इंजिनांत तेल कमी झालं की ठिणगी तोडणारा स्विचही असतो; इंजिन तिरकं बसवलेलं असेल तर तो उगाच हस्तक्षेप करतो. वायर सोडलेली असताना इंजिन बंद कसं करायचं ते आधी ठरवा: चोक ओढून.

फ्लायव्हील काढायचं तर पुलर (ओढून काढायचं हत्यार) आणा. हातोड्याने ठोकून काढणारे बरेच आहेत, आणि ठोकल्याने शाफ्टचे आटे बसतात ते बसतातच, चुंबकही मंदावतो. मग वर्षभराने ठिणगी कमजोर का, म्हणून विचारत येतात. पॉइंटची कटकटच नको असेल तर त्यांच्या जागी लावायचं छोटं ट्रान्झिस्टर मॉड्यूल मिळतं. ते चांगलं काम करतं. पण कॉइल खराब असताना ते लावून काहीही होत नाही, हे लक्षात असू द्या.

इंधन अडतंय

माझ्या आतेभावाने महू नाक्याजवळ रसवंतीसाठी असंच एक इंजिन घेतलं. उन्हाळ्याच्या ऐन हंगामात दर पंधरा मिनिटांनी बंद. गिऱ्हाईक पेला हातात घेऊन उभं. एका मिस्त्रीने रिंगा बदलल्या, दुसऱ्याने कार्बोरेटरच नवा बसवला. शेवटी निघालं काय, तर टाकीचं मूळ झाकण पूर्वीच हरवलेलं, आणि कोणीतरी दुसऱ्याच कशाचं तरी घट्ट रबरी वायसरचं झाकण त्यावर बसवलेलं. हवा आत यायला वाट नाही. इंधन जसजसं खाली जातं तसतशी वरती पोकळी होते, धार बारीक होत जाते आणि एका क्षणी थांबते. अर्ध्या तासात वायसरच्या कडेने हळूहळू हवा झिरपते, की पुन्हा सुरू. झाकणाला एक मिलिमीटरचं भोक पाडलं आणि रसवंती चालू लागली. आतेभाऊ अजून रिंगांच्या पैशांबद्दल बोलतो.

मूळ झाकण असलं तरी त्यातलं भोक रंगाने किंवा गंजाने बुजलेलं असतं. जुनं इंजिन विकायच्या आधी रंगवून देण्याची आपल्याकडे जी हौस आहे, तिने अशी बरीच भोकं बुजवली आहेत.

झाकण ठीक असेल तर बाटली काढा. कार्बोरेटरकडची नळी सोडून बाटलीत धरा आणि तोटी उघडा. पहिल्या क्षणाची धार बघून समाधान मानू नका. दोन मिनिटं वाहू द्या. सुरुवातीला जोरात आणि मग बारीक झाली, तर टाकीतला गंज तोटीच्या जाळीवर येऊन बसतोय. इंजिन थांबलं की हाच गाळ परत खाली बसतो, म्हणून गार झाल्यावर सगळं ठीक. टाकी काढा, मूठभर स्वच्छ खडी किंवा छोटे नट आत घालून खुळखुळवा, धुवा. मग पांढरं व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा, परत धुवा आणि उन्हात अगदी कोरडी होऊ द्या. लगेच थोडं घासलेट आत फिरवून घ्या, नाहीतर धुतलेली टाकी संध्याकाळपर्यंत लाल होते.

आता इथे नव्या काळाची भानगड आहे. घासलेट मिळणं अवघड झालं, म्हणून लोक ही इंजिनं निव्वळ पेट्रोलवर चालवतात. त्यात दोन गोष्टी होतात. घासलेटचं नीट बाष्प व्हावं म्हणून या इंजिनांत कार्बोरेटरकडून येणारी वाट सायलेन्सरच्या उष्णतेने मुद्दाम तापवलेली असते. घासलेटला ते मानवतं. पेट्रोल मात्र मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत त्या वाटेवर उकळतं. कार्बोरेटरमध्ये बुडबुडे होतात, इंजिन उपाशी राहतं. बंद पडल्यावर कार्बोरेटरवर ओलं फडकं टाका. दोन मिनिटांत सुरू झालं तर हाच दोष. उपाय म्हणजे कार्बोरेटर आणि वाटेच्या मध्ये बेकलाइट किंवा जाड फायबरचा गॅस्केट घालणं, इंधनाची नळी सायलेन्सरपासून लांबून नेणं, आणि तापवणारी झडप किंवा पत्रा असेल तर तो थंड बाजूला वळवणं. शिवाय घासलेटचा जेट (कार्बोरेटरमधलं इंधनाचं बारीक भोक) मोठा असतो, पेट्रोलवर इंजिन त्यामुळे जास्त पितं आणि प्लग काळा करतं.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्याने सगळीकडे आलं. ही इंजिनं जन्मली तेव्हा असलं पेट्रोल कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. काही जुन्या कार्बोरेटरांत फ्लोट (इंधनाची पातळी राखणारा तरंगता तुकडा) बुचाचा असतो आणि त्यावर लाखेचा थर. लाख अल्कोहोलात विरघळते, हे कोणताही सुतार सांगेल; फर्निचरचं पॉलिश तसंच तर बनतं. थर गेला की बूच पितं, जड होतं, बुडतं, कार्बोरेटर उतू जातो. जुन्या रबरी नळ्या आतून फुगतात आणि त्यांचे बारीक तुकडे जेटमध्ये जाऊन बसतात. नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्याच घाला. फ्लोट पितळेचा किंवा प्लास्टिकचा मिळाला तर उत्तम. इथेनॉल हवेतली ओलही ओढतं, म्हणून टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवायचं नाही.

कॉम्प्रेशनच जातं

दोरी सैल फिरते, गार झाल्यावर पुन्हा कडक. हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेचा खेळ. व्हॉल्व्ह तापला की त्याची दांडी लांबते. तिच्या टोकात आणि टॅपेटमध्ये (दांडीला ढकलणाऱ्या भागात) थोडी फट ठेवलेली असते ती यासाठीच. गार असताना साधारण ०.१ ते ०.२ मिमी. ती फट संपली की गरम व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, हवा निसटते.

फट कमी का होते? साइड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि दांडीचं टोक टॅपेटकडे सरकतं. यातली मेख अशी, की मिस्त्रीने पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासला की तो आणखी आत बसतो. म्हणजे व्हॉल्व्ह घासून आणल्यावर इंजिन गार असताना पूर्वीपेक्षा छान सुरू होतं आणि गरम झालं की पूर्वीपेक्षा लवकर बंद पडतं! मालक म्हणतो काम बिघडवलं, मिस्त्री म्हणतो काम चोख केलंय, आणि दोघंही खरं बोलत असतात. घासल्यावर फट पुन्हा मोजायची राहून गेली, इतकंच. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. यांतल्या कित्येक इंजिनांत फट जुळवायला स्क्रूच नसतो; दांडीचं टोक घासूनच फट वाढवावी लागते. सांवेर रोडच्या एखाद्या खरादवाल्याकडून (लेथवाल्याकडून) ते अगदी काटकोनात करून घ्या. हाताने कानस मारली तर टोक तिरकं होतं. आणि थोडं थोडं; जास्त गेलं तर परत आणता येत नाही.

अडथळा गरम आणि गार दोन्हीतही सैलच असेल, तेव्हा कुठे रिंगांचा विचार करा. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून दोरी ओढा. कॉम्प्रेशन वाढलं तर रिंगा.

तो पत्रा

वरचं सगळं करून इंजिन सुधारलं, आणि तरी तासाभराने मंदावतं, जळका वास येतो, तर इंजिन खरोखरच तापतंय. सिलिंडरच्या पात्यांवर वारा आपोआप जात नाही. फ्लायव्हीलची पाती वारा ढकलतात आणि तो पत्रा त्याला वळवून सिलिंडरच्या पाठीपर्यंत नेतो. पत्रा नसला तर वारा समोरून चहूकडे उधळतो आणि सिलिंडरची मागची बाजू, म्हणजे नेमकी एक्झॉस्टची, भाजून निघते. मूळ पत्रा नसेल तर पुठ्ठ्याचा नमुना कापून पत्र्याच्या कारागिराकडून करून घ्या. सिलिंडरपासून बोटभर अंतर राहू द्या.

पंपाला जोडलेलं असताना ही अडचण कमी येते, कारण पंप बहुधा नाल्याकाठी, उघड्यावर, ओलसर हवेत चालतो. कडबा कुट्टीवर आलं की भुसा. पात्यांच्या फटीत तो तेलाने चिकटून असा बसतो की वरून दिसतही नाही. पत्रा उघडून लाकडी काडीने उकरा. गोठ्यात पडून असलेल्या इंजिनात उंदराचं घरटं सापडणं तर ठरलेलंच.

भार हाही तापण्याचा भाग आहे. मोनोब्लॉक पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) इंजिनाच्या शाफ्टवरच असतो, आणि पंपाचा भार वेगाच्या घनाने बदलतो; वेग जरा पडला की भार झपकन कमी होतो, इंजिन सावरतं. उसाचा चरखा किंवा कुट्टी तसं माफ करत नाही. दोन उसांऐवजी पाच घातले की वेग पडतो, पंखा मंदावतो, आणि नेमक्या सगळ्यात जास्त कष्टाच्या वेळी वारा सगळ्यात कमी. म्हणून पुली लहान घ्या. तीन हजार फेऱ्यांच्या इंजिनावर तीन इंची पुली आणि समोर बारा इंची चाक म्हणजे साडेसातशे. चरख्याचे गिअर पुढचं बघतील. पट्टे-पुल्या सियागंजात सगळ्या मापांच्या मिळतात. पुली इंजिनाच्या अंगाशी लावा, शाफ्टच्या टोकाला नको. पंपाच्या शाफ्टला बाजूने ओढून घ्यायची सवय नसते, बेअरिंग जातं. आणि गव्हर्नरच्या (वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) काड्या कोणी काढून टाकल्या असतील तर त्या बसवल्याशिवाय इंजिन चालवूच नका. पट्टा निसटला की ते कुठपर्यंत पळेल ते सांगता येत नाही.

जनरेटर करायचा विचार पुष्कळांच्या मनात येतो. मी नको म्हणतो. पन्नास हर्ट्झसाठी दोन पोलच्या अल्टरनेटरला बरोबर तीन हजार फेऱ्या लागतात, आणि या जुन्या गव्हर्नरना बरोबर ही गोष्ट जमत नाही. फ्रिज जळेल.

लिस्टर नमुन्याच्या डिझेलवाल्यांसाठी दोनच ओळी. इंग्लंडमधल्या डर्सलीचं ते सहा हॉर्सपॉवरचं, मिनिटाला ६५० फेऱ्यांचं इंजिन. राजकोटवाल्यांनी ते आपल्याकडे घरोघर पोचवलं. त्यात ठिणगीच नाही, तेव्हा वरचं अर्धं तुम्हाला लागू नाही. ते चालता चालता बंद पडलं तर आधी टाकीपासून पंपापर्यंतच्या जोडांतून हवा शिरते का ते बघा, तांब्याचे वायसर बदला, फिल्टर बदला, आणि पाण्याची टाकी इंजिनापेक्षा उंच आहे ना ते पाहा. तिथलं पाणी पंपाशिवाय, गरम-थंडाच्या फरकानेच फिरतं.

बंद करायची रीत सांगून थांबतो, कारण दुसऱ्या दिवशीचा अर्धा त्रास तिथून येतो. घासलेटवर चालवत असाल तर काम संपायच्या आधी चार-पाच मिनिटं पेट्रोलवर घ्या, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल उरतं. नाहीतर सकाळी गार इंजिनात घासलेट पेटत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून तेलाचा थर धुवून खाली उतरतं आणि तेलात मिसळतं. तेलाची पातळी वाढलेली दिसली, तेलाला घासलेटचा वास आला, तर ते तेल त्याच दिवशी बदला. गरम इंजिनात टाकी भरू नका, आणि बंद खोलीत चालवून बघू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, पण तो जीव घेतो. पावसाळ्यात ठेवून द्यायचं असेल तर टाकी आणि वाटी रिकामी करा, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाका, प्लग लावा, आणि दोरी हळू ओढत कॉम्प्रेशनचा अडथळा लागला की तिथेच थांबवा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि दमट हवा आत जात नाही.